कपाटातला उंट

४ मार्च

ताई,

तुझा पत्ता मावशीनं दिला. ‘मी दिला असं सांगू नकोस’ असं तिनं बजावलं होतं, पण दुसरं कोण देणार हे तुला कळेलच, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

काम एवढंच आहे. लहानपणी तू रचलेली प्राण्यांची कविता मी कामात वापरते आहे, त्याला तुझी परवानगी हवी. मला आठवते तशी लिहिते, चुकलं असेल तर दुरुस्त कर.

उंट बसला कपाटात,
मान दुमडून कोटात.
हत्ती मावला पेटीत,
सोंड घेऊन मिठीत.
जिराफ शिरला गादीखाली,
पाय घेऊन पोटाखाली.
कासव म्हणे, श्वास धर,
सोड हळूच बोटभर.

मी एका हॉस्पिटलात एमआरआय विभागात टेक्निशियन आहे. मोठ्या नळकांड्यासारखं यंत्र असतं, त्यात माणसाला झोपवायचं. तो हलला नाही, तर त्याच्या आतलं चित्र स्वच्छ येतं. हलला की सगळं पुसट होतं. मोठी माणसं सांगितलेलं ऐकतात. मुलं रडतात, आणि रडणारं मूल हलणारच.

चित्रकला मी शिकलेली नाही. शाळेत मला पास करायचे ते वही स्वच्छ असायची म्हणून. पण गेली काही वर्षं रविवारी सकाळी मी प्राणी काढते, प्लायवुडच्या तुकड्यांवर, ॲक्रिलिक रंगांत. कुणाला दाखवायला नाही. माझ्याबरोबर काम करणारी एक आहे, तिला सगळे बडबडी म्हणतात आणि तीही त्या नावाला ओ देते. ती एकदा घरी आली आणि कपाटातला उंट पाहून हसत सुटली. दुसऱ्या दिवशी ही बातमी आमच्या विभागाच्या मॅडमकडे पोचली होती. आता चार फळ्या मुलांच्या खोलीत लावायच्या ठरल्या आहेत, मशीनच्या खोलीला लागूनच.

सुतारकाका खिळे घेऊन आले. मी त्यांना दाराबाहेरच अडवलं. मशीनमधलं चुंबक कधी बंद नसतं, लोखंड आत न्यायचं नाही, शेजारच्या खोलीतसुद्धा मला ते नको होतं.

“मग चित्रं काय थुंकीनं चिकटवू?” ते म्हणाले.

मी पितळी स्क्रू दिले. ते माझ्याकडे आणि जिराफाकडे आळीपाळीनं बघत राहिले. आम्हा दोघांपैकी जास्त विचित्र कोण, हे त्यांना ठरवता येत नसावं.

आणखी एक. पोटाची तपासणी करताना पेशंटला ठरावीक वेळी श्वास रोखून धरावा लागतो. ते सांगणारा आवाज आधी भरून ठेवलेला असतो आणि हेडफोनमधून ऐकू येतो. मोठ्यांसाठी ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ एवढंच आहे. मुलांसाठी मी तुझी कविता माझ्या आवाजात भरली आहे. ‘श्वास धर’ म्हटलं की मुलं खरंच धरतात. कासवानंतरच्या शेवटच्या दोन ओळी मी घेतल्या नाहीत, वरही लिहिल्या नाहीत. त्या मुलांसाठी नाहीत.

बाबा इथं आले आहेत. डोळे पिवळे झालेत, पित्ताच्या नळीत काहीतरी आहे. सगळं माझ्याच हॉस्पिटलात होणार. ऑपरेशननंतर माझ्याकडे राहायचं म्हणतात, कायमचं. मी हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, आवाज आला नाही.

परवानगीचं तेवढं कळव.

धाकटी


१५ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. हरकत आली नाही म्हणजे संमती आहे असं ऑफिसात धरतात, तसं मी धरलं.

फळ्या लागल्या. सगळे हसतात. हत्ती पेटीत सोंडेला मिठी मारून बसलाय, तो विशेष चालतो. मॅडमनी तर त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढून घेतला. मग परवा एक मुलगी आली. खुर्चीत पाय हलवत तिनं उंटाकडे बराच वेळ पाहिलं.

“हा कुणाला घाबरलाय?”

“घाबरला नाही गं, गंमत करतोय तो,” तिची आत्या म्हणाली.

“नाही. बघ ना, सगळे तिकडंच बघतायत.”

बडबडी हसली. मी नंतर, खोली रिकामी झाल्यावर, चारही फळ्या नीट तपासल्या. पोरगी बरोबर होती. उंट, हत्ती, जिराफ, कासव, सगळ्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या डाव्या कोपऱ्यात आहेत. मी त्या चार वेगवेगळ्या महिन्यांत रंगवल्या. ठरवून केलं नव्हतं. कपाटात आपण बसायचो तेव्हा दाराची फट माझ्या डाव्या हाताला असायची.

माझी समजूत होती की मी गमतीशीर प्राणी काढते.

बाबांबद्दल. ते इथं जवळच एका लॉजवर उतरलेत, तपासण्यांसाठी अधूनमधून वॉर्डात दाखल होतात. मागच्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या वॉचमननं मला थांबवलं. “तुमच्या वडिलांना पुढच्या वेळी वर सोडू का? बिचारे उन्हात उभे असतात.” असतात, म्हणाला. म्हणजे एकदा नाही. पत्ता मी दिलेला नव्हता.

मग हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्यांनी मला गाठलं. फार वाळलेत. सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटून उभी राहते. कँटीनवाल्याशी त्यांची दोस्ती झालेली आहे, नर्सांशीही. वॉर्डातल्या सिस्टर मला म्हणाल्या, “तुमचे बाबा म्हणजे लाख माणूस हो. सगळ्या वॉर्डाला हसवतात.” मी म्हटलं, हो, हसवतात.

“दोन खोल्या आहेत म्हणे तुझ्या,” बाबा म्हणाले.

“एकच म्हणा. दुसरीत रंग असतात.”

“रंग काय, पलंगाखाली सरकवायचे.” चहात चमचा फिरत होता, कपाला एकदाही न लागता. “किल्ली एकच आहे का?”

“एकच.”

“मग दुसरी करून घे.”

दुसरी माझ्या पर्समध्येच होती. मी पर्स मांडीवर ओढून घेतली, आणि ते त्यांनी पाहिलं.

“अजून घाबरतेस काय गं मला? बघ तरी, काय उरलंय माझ्यात.” त्यांनी दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. हात खरंच म्हाताऱ्या माणसाचे होते. शेजारच्या टेबलावरची बाई माझ्याकडे असं बघायला लागली की मीच त्यांना काहीतरी बोलले असावे.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. तुझा हात मोडला तेव्हा सगळ्यांना सांगितलं गेलं की तू जिन्यावरून पडलीस. मीही तेच सांगत आले. एक्स-रेची फिल्म मी खिडकीशी धरून पाहिली होती, गंमत म्हणून. ती मला अजून स्पष्ट दिसते. कॉलेजात दुसऱ्या वर्षी आम्हाला मोडलेल्या हाडांच्या फिल्म दाखवल्या. पडून मोडलेलं हाड वेगळं दिसतं. हात धरून पिळला, तर चीर तिरकी जाते, हाडाभोवती वळसा घेत. सर शिकवत होते आणि मी तुझी फिल्म पाहत होते. त्या तासाला मी काहीही लिहून घेतलं नाही.

आई गेली तेव्हा तू आली नाहीस. मी तेव्हा फोनवर तुला जे बोलले ते बोलले. आता त्याचा हिशेब काढायला लिहीत नाही. फक्त एवढं सांग, मी त्यांना घरात घेऊ का? लोक घेतातच. आजारी बापाला कुणी रस्त्यावर सोडत नाही. मलाही तेच वाटतं, दिवसा.

धाकटी


२३ मार्च

ताई,

आज त्यांचा एमआरआय झाला. जे झालं ते क्रमानं लिहिते.

घरच्या माणसाची तपासणी आम्ही स्वतः करत नाही, म्हणून बडबडीनं ती घेतली. मी काचेच्या अलीकडे, कॉम्प्युटरशी उभी होते. त्यांना टेबलावर झोपवलं, हेडफोन लावला, हातात रबरी फुगा दिला. घाबरलं तर तो दाबायचा, आमच्याकडे घंटी वाजते. बाबा म्हणाले, “मला नको, माझ्या मुलीला द्या.” बडबडी हसून बेजार.

टेबल आत सरकलं. आमच्याकडून फक्त पावलं दिसत होती, आणि एका मोज्याला भोक होतं.

त्यांच्या आधी एका लहान मुलाची तपासणी झाली होती. आवाजाच्या यादीत ‘मुलं’ निवडलेलं होतं, ते बडबडीनं बदललं नाही. अशी चूक दुसऱ्या हॉस्पिटलात व्हायची नाही, मुलांचा वेगळा आवाज आमच्याकडेच आहे, आणि एरवी तिचं हसूच झालं असतं. तिनं बटण दाबलं आणि माझा आवाज सुरू झाला. उंट बसला कपाटात.

“अरे देवा, पोरांचंच राहिलं,” ती म्हणाली. “बंद करू?”

बंद केलं असतं तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी म्हटलं, राहू दे. मला वाटलं त्यांना काय कळणार. कविता आपल्या दोघींची. त्यांच्यासमोर ती आपण कधी म्हटली नाही, त्यासाठीच तर ती होती.

कासव म्हणे, श्वास धर. त्यांनी धरला. पडद्यावर एकेक काप उतरायला लागला, यकृत, नळी, नळीतला अडथळा. इतकं स्वच्छ चित्र मी या वर्षात पाहिलेलं नाही. मोठी माणसंही इतकी निश्चल राहत नाहीत. सोड हळूच बोटभर. त्यांनी सोडला.

मशीन थांबलं. आणि आतल्या माइकवरून बाबांचा आवाज आला, कुजबुजत, आपण म्हणायचो तसाच.

“वाघ आला दारात, कोणी नाही घरात.”

मग ते हसले. माइकमधून ते खोकल्यासारखं ऐकू आलं.

“अय्या, पुढं पण आहे?” बडबडी म्हणाली. “तू कधी म्हणाली नाहीस. घरचीच कविता दिसते तुमची.”

मी म्हटलं, हो, घरचीच.

ताई, त्या दोन ओळी आपण कधी आवाज काढून म्हटल्या नाहीत. तू माझ्या कानाला तोंड लावून म्हणायचीस, मी नुसते ओठ हलवायचे. कुजबुज हवेतून फार लांब जात नाही. कपाटाचं दार जाड लाकडाचं होतं. अशा दारातून, अगदी फटीतूनही, कुजबुज ऐकायची, तर कान लाकडाला टेकलेला हवा. दुसरा कुठलाही मार्ग मला सापडत नाही आणि मी संध्याकाळपासून शोधते आहे. 

आपण सापडत नाही म्हणून ते घरभर फिरून, आपटून, थकून बसतात, असं मी आजवर धरून चालले होते. कपाटात आपण जिंकतो, असं. माझ्या लहानपणातली तेवढी एक जागा मी चांगली म्हणून वेगळी काढून ठेवली होती. तीच रंगवत होते.

टेबल बाहेर आल्यावर त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला. “आवाज छान आहे गं तुझा. लहानपणापासूनच.”

तुला माहीत होतं का? एवढंच विचारते. बाकी काही सांगू नकोस हवं तर.

धाकटी


५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं. ते मी जिन्यातच उभ्यानं वाचलं.

‘त्याला पहिल्यापासून माहीत होतं. खुर्ची आठव. घरात घेऊ नकोस. मी येते आहे.’

तू त्यांना ‘तो’ लिहितेस. मला अजून ते जमत नाही.

खुर्ची आठवली. म्हणजे ती आठवतच होती, फक्त तिचा अर्थ दुसरा लावलेला होता. कधीकधी कपाटाचं दार आतून ढकललं तरी उघडायचं नाही. तू म्हणायचीस, हवा दमट आहे, लाकूड फुगलंय, थोडा वेळ थांब. मग बऱ्याच वेळानं ते आपोआप उघडायचं. बाहेर आलं की जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची तिथं शेजारी असायची. मला वाटायचं आई तिथं शिवत बसली असेल. आणि आतून कागदाची सळसळ ऐकू यायची. तू म्हणायचीस, उंदीर आहे.

दाराला पाठ लावून ते पेपर वाचत बसायचे.

लाकूड दमट हवेत फुगतं, हे खरंच आहे. पण ते तासाभरात सुकत नाही. मी इतकी वर्षं पदार्थविज्ञान शिकले, लोकांच्या शंभर गोष्टी तपासून बघते, आणि ही एक कधी तपासली नाही. कारण ती तू सांगितली होतीस. तू स्वतः किती वर्षांची होतीस तेव्हा? त्या अंधारात, तो माणूस बोटभर लाकडापलीकडे बसलेला माहीत असताना, तू उंट आणि हत्ती रचत होतीस, आणि आवाज थरथरू दिला नाहीस. मी तर हसायचे. तू माझ्या तोंडावर हात ठेवायचीस ते मी हसू नये म्हणून, असं मला वाटायचं.

तू घर सोडलंस तेव्हा मला न्यायला हवं होतंस, असं मी फार दिवस मनात धरलं होतं. आज त्याबद्दल लिहीत नाही. समोर बसून बोलू.

ऑपरेशन नीट झालं. आठवड्याभरात सोडतील. सिस्टर विचारत होत्या, घरी बाथरूम पलंगाजवळ आहे ना, पलंगाला कठडा लावून घ्याल का. त्यांच्या मनात सगळं ठरलेलं आहे. वॉर्डातल्या सगळ्यांच्याच. मी मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, मलाच माहीत नाही.

मला सांगावं लागेल त्यांना, तोंडावर. चिठ्ठी लिहून पळता येणार नाही, मी तिथंच काम करते. त्या विचारानं हाताला घाम येतो. काल सुई टोचताना दोनदा हातमोजे बदलले.

तू कधी येतेस? गाडी कळव.

धाकटी


१२ एप्रिल

ताई,

सांगितलं. तू येईपर्यंत थांबणार होते, पण तीन दिवसांपूर्वी सकाळी वॉर्डातल्या डॉक्टरांनी त्यांना घरी सोडायच्या कागदावर सही केली.

भेटायच्या वेळेत गेले, मुद्दाम. वॉर्ड भरलेला होता आणि सिस्टर त्यांचं सलाइन काढत होत्या. मला साक्षीदार हवा होता असं म्हण. बाबा दाढी करून, भांग पाडून बसले होते. पिशवी भरून पायाशी ठेवली होती.

“आली बघा माझी डॉक्टरीण,” ते म्हणाले.

मी बसले नाही. म्हटलं, “बाबा, मी तुम्हाला घरी नेणार नाही. ऑपरेशननंतर राहायला एक जागा आहे, तिथं नर्स असते, जेवण असतं. मी बोलून ठेवलंय. त्यांची गाडी येईल.”

माझा आवाज फार बारीक आला. पण आला.

ते सिस्टरांकडे बघून हसले. “थट्टा करतेय. लहानपणापासून अशीच, लपून बसायची आणि आम्ही शोधायचं.”

“तुम्ही शोधत नव्हता,” मी म्हटलं. “तुम्ही दाराला खुर्ची लावून बसायचात.”

मला वाटलं ते म्हणतील, कुठली खुर्ची. ते म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेनं, आणि म्हणाले, “मग? तुम्ही पोरी अंधारात धडपडून बाहेर आला असता. मी राखण करत होतो तुमची.”

“बघा, किती जीव तुमच्यावर,” सिस्टर म्हणाल्या.

आणि ताई, एक क्षण मला ते पटलं. हे तुला सांगायलाच हवं. तिथं उभ्या उभ्या मी सगळं पुन्हा मांडून पाहिलं, बाप दाराशी बसलाय, मुली आत सुखरूप आहेत, आणि ते चित्र जुळत होतं. पलंगाला कठडा लावायला कुणाला सांगावं इथपर्यंत मी पोचले होते. मग मला तुझी फिल्म दिसली.

“आणि ताईचा हात?” मी म्हटलं.

“ती पडली.”

“पडल्यावर हाड तसं मोडत नाही. मी रोज बघते.”

सिस्टर कापूस दाबून धरून होत्या. त्यांचा हात तिथंच राहिला. त्यांनीही अशी हाडं पाहिली असणार, वीस वर्षं वॉर्डात आहेत त्या. बाबांनी हसून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिकडून हसू परत आलं नाही. सिस्टरांनी चिकटपट्टी लावली आणि खाली बघत त्या मला म्हणाल्या, “तुम्ही जा. गाडी आली की मी बसवून देते यांना.”

मी वळले तेव्हा बाबा हळूच म्हणाले, मला एकटीलाच ऐकू जाईल इतकं, “घर माहितीये मला तुझं.”

ही धमकी होती की नुसती माहिती, मला सांगता येणार नाही. त्यांचं हे पहिल्यापासून असंच. मी लिफ्टनं न जाता जिन्यानं उतरले, आणि मधल्या मजल्यावर बसावं लागलं. बडबडी शोधत आली. तिनं काही विचारलं नाही, बाजूला बसली आणि चक्क गप्प राहिली. असं मी प्रथमच पाहिलं.

गाडी त्यांना घेऊन गेली, असं सिस्टरांनी फोन करून कळवलं. कुलूप मी बदललं आहे. वॉचमनला सांगितलं आहे. त्याला ते आवडलेलं नाही, म्हाताऱ्या माणसाला असं करतात का, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं असू दे. मी बरोबर केलं याची मला खात्री आहे, आणि तरी लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी हातातलं काम सोडून उभी राहते. खात्री झाली की भीती जाते असं मला वाटत होतं. तसं होत नाही.

शनिवारची गाडी ठरली, हे बरं झालं. स्टेशनवर यायला हवं, पण मी येणार नाही, रागावू नकोस. परत येताना घराचं दार बाहेरून उघडायचं मला सध्या नको वाटतं. वॉचमनकडे तुझं वर्णन दिलं आहे. मला आठवतं तेवढंच दिलं, तेव्हा तो तुला दोन प्रश्न विचारील.

वर आलीस की बेल वाजवू नकोस आणि थापही मारू नकोस. नुसती हाक मार, घरी मारायचीस त्या नावानं. पहिल्या हाकेला दार उघडलं नाही तर परत जाऊ नकोस. मला दारापर्यंत यायला वेळ लागतो, पण मी येते.

धाकटी